जनआरोग्य योजनेचे कार्ड: सेवा घ्यावी अशीच, पण 'बसत नाही' हे कोण ठरवते?

महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत प्रधानमंत्री जनआरोग्य योजना या दोन्ही मोफत उपचाराच्या योजना महाराष्ट्रात एकत्र राबवल्या जातात. खान्देशातल्या कोणत्याही संलग्न, म्हणजे योजनेला जोडलेल्या, रुग्णालयात त्यांचे दर्शन एकाच जागी होते: दाराजवळचे एक टेबल, त्यावर संगणक, भिंतीवर फलक आणि फलकाखाली बसलेला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस. या सेवेचे हे परीक्षण मी रुग्णाच्या नातेवाइकाच्या बाजूने लिहीत आहे. अमळनेर तालुक्यातल्या माझ्या मामांची अँजिओप्लास्टी या योजनेतून झाली आणि त्यानंतर गावातल्या अनेकांची कागदपत्रे घेऊन मी जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या रुग्णालयांतल्या अशा टेबलांपाशी बसलो आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. ही सेवा अवश्य घ्यावी, तिने शेतमजुरांची आणि कोरडवाहू शेतकऱ्यांची घरे कर्जातून वाचवली आहेत. मात्र तिच्यात एक गंभीर उणीव आहे. 'योजनेत बसत नाही' हे उत्तर रुग्णाला लगेच मिळते, पण ते कोणत्या संस्थेच्या निर्णयामुळे बसत नाही, हे त्याला कोणीच सांगत नाही. त्यामुळे आरोग्यमित्रावर राग निघतो आणि जिथे दाद मागायला हवी तिथपर्यंत अर्ज पोहोचत नाही.

खान्देशाला ही योजना नवी नाही. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या ८ जिल्ह्यांमध्ये गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, रायगड, मुंबई शहर व मुंबई उपनगर यांच्या बरोबरीने धुळे होते. जळगाव आणि नंदुरबारला नोव्हेंबर २०१३ पर्यंत वाट पाहावी लागली. २०१७ मध्ये योजनेला महात्मा फुले यांचे नाव मिळाले, २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्र सरकारची आयुष्मान भारत योजना सुरू झाली आणि १ एप्रिल २०२० पासून दोन्हींची सांगड घालण्यात आली. गावाकडे आजही कोणी 'जीवनदायी' म्हणतो, कोणी 'फुले योजना', कोणी 'आयुष्मान' किंवा 'मोदी कार्ड'. नावे वेगळी असली तरी रुग्णाचा प्रश्न एकच असतो. जळगावला एका आजींनी आरोग्यमित्रासमोर पिशवी ठेवून तो विचारला होता, "भाऊ, पैसा लागतीन का?" त्या मुलाने मान वर करून तितक्याच आपुलकीने उत्तर दिले, "नही माय. रेशनकार्ड दखाडा." माझ्या पाहण्यातले बहुतेक आरोग्यमित्र असेच कंत्राटी पगारावर राबणारे, रुग्णाची बोली बोलणारे तरुण आहेत, आणि या सेवेला मी जे गुण देतो त्यांतला मोठा वाटा त्यांचा आहे.

टेबलावर नेमके काय घडते, ते सांगतो. आरोग्यमित्र शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेतो, रुग्णाची नोंदणी करतो, खाटेवरच्या रुग्णाचा फोटो काढला जातो, आणि रुग्णालयाचा डॉक्टर तपासण्यांचे अहवाल व उपचाराचा सांकेतिक क्रमांक संगणकावर चढवतो. मामांच्या वेळी ईसीजी, टू-डी इको आणि अँजिओग्राफीचे चित्रण असे सगळे चढवले गेले. त्यानंतर सुरू होते ती 'अप्रूव्हल'ची प्रतीक्षा, आणि हा शब्द योजनेच्या वॉर्डात दिवसभर कानावर पडतो. ही मंजुरी रुग्णालयात मिळत नाही. दूर बसलेले तपासनीस डॉक्टर कागद पाहतात, एखादा अहवाल अपुरा वाटला तर शेरा मारून परत पाठवतात आणि सगळे जुळले की त्या उपचारापुरती ठरावीक रक्कम मंजूर करतात. रुग्ण अत्यवस्थ असेल तर दूरध्वनीवरून कळवून उपचार सुरू करण्याची सोय आहे आणि कागद मागाहून देता येतात. ही सोय बहुतेकांना माहीत नसते, आणि रात्रीच्या वेळी काही रुग्णालये ती आपणहून सांगतही नाहीत. मामांना छातीत कळ आली ती दुपारची होती, म्हणून टेबलावर माणूस होता.

पुढचा अनुभव मात्र चांगला नव्हता. मंजुरी आल्यावर त्या खासगी रुग्णालयाच्या एका कर्मचाऱ्याने माझ्या मामेभावाला बाजूला नेऊन सांगितले की कार्डावर बसणारा स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) साधा असतो, चांगल्या प्रतीचा हवा असेल तर वरचे पैसे रोख भरावे लागतील. आत वडील आणि बाहेर असा सवाल, अशा वेळी कोणता मुलगा नाही म्हणेल? पैसे भरले गेले आणि पावतीवर 'इतर साहित्य' एवढेच लिहून मिळाले. योजनेत स्टेंटची किंमत उपचाराच्या रकमेतच धरलेली असते, आणि लाभार्थ्याकडून वेगळे पैसे घेणे हा योजनेच्या नियमांचा सरळ भंग आहे. १५५३८८ या राज्याच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, पावतीची प्रत जोडून लेखी अर्ज दिला आणि ती रक्कम परत मिळाली. तक्रारीची व्यवस्था चालते, हे मी अनुभवाने सांगू शकतो. मात्र ती चालवण्यासाठी हातात पावती असावी लागते. ज्यांनी पावतीशिवाय पैसे मोजले, त्यांना मी पुढे काही मिळवून देऊ शकलो नाही.

या प्रसंगानंतर स्टेंटची किंमत देशात कोण ठरवते याचा मी मुळापासून शोध घेतला. निर्णय कसे आणि कुठे होतात हे समजून घ्यायचे असेल, तर यापेक्षा चांगले उदाहरण नाही. कोणती औषधे अत्यावश्यक मानायची, ती यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालय तज्ज्ञ समितीच्या शिफारशीवरून काढते. दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्यानंतर जुलै २०१६ मध्ये या मंत्रालयाने स्टेंटचा त्या राष्ट्रीय यादीत समावेश केला. पण यादीत नाव आले म्हणून किंमत उतरत नाही. किमतीचे अधिकार आरोग्य मंत्रालयाकडे नाहीतच, ते रसायने व खते मंत्रालयाच्या औषधनिर्माण विभागाकडे आहेत. त्या विभागाने डिसेंबर २०१६ मध्ये औषध किंमत नियंत्रण आदेश २०१३ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे किमतीवर मर्यादा घालायच्या वस्तूंच्या यादीत, स्टेंट घातला. मग १९९७ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने १३ फेब्रुवारी २०१७ रोजी कमाल किमती जाहीर केल्या: साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषधलेपित स्टेंटला २९,६०० रुपये. त्याआधी औषधलेपित स्टेंटसाठी रुग्णांनी लाखाच्या वर रक्कम मोजलेली आहे. पुढे या मर्यादा घाऊक किंमत निर्देशांकानुसार वेळोवेळी बदलत गेल्या, पण मर्यादा उठली नाही. एका वस्तूची किंमत रुग्णाच्या आवाक्यात यायला एक न्यायालय, दोन मंत्रालये आणि एक प्राधिकरण लागले. त्याच वस्तूच्या नावाने रुग्णालयातल्या एका कोपऱ्यात रोख पैसे मागितले जातात तेव्हा यातली एकही संस्था तिथे हजर नसते. म्हणून ही माहिती नातेवाइकाच्या डोक्यात असणे गरजेचे आहे.

औषधांच्या बाबतीतही हाच क्रम चालतो. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत ३८४ औषधे आहेत आणि त्यांच्या किमतींवर मर्यादा आहे. नवे औषध बाजारात आणण्याची परवानगी देणारी संस्था मात्र तिसरीच, केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, जिचे प्रमुख भारताचे औषध महानियंत्रक असतात. आणि जळगावच्या दुकानात ते औषध योग्य रीतीने विकले जाते की नाही हे पाहणारे खाते राज्याचे, म्हणजे अन्न व औषध प्रशासन. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतल्याची तक्रार आरोग्य विभागाकडे करणारी मंडळी मला भेटली आहेत, आणि तो अर्ज टेबलामागून टेबल फिरत राहिला यात नवल नाही.

आता 'बसत नाही' या उत्तराकडे वळतो. योजनेत राज्याने २०२३ मध्ये ३४ विशेषज्ञ सेवांतले १,३५६ उपचार जाहीर केले आणि त्यांपैकी ११९ उपचार शासकीय रुग्णालयांसाठी राखून ठेवले. उपचारांची नावे, त्यात काय धरलेले आहे आणि रुग्णालयाला किती रुपये मिळणार, याचा राष्ट्रीय साचा दिल्लीतले राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण तयार करते. केंद्रीय आरोग्यमंत्री त्याच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष असतात. एखादा उपचार किंवा उपकरण खर्चाच्या मानाने खरोखर उपयोगी आहे का, याचा शास्त्रीय हिशेब मांडण्यासाठी आरोग्य संशोधन विभागाने २०१७ पासून आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची वेगळी यंत्रणा उभी केली आहे. महाराष्ट्रापुरते त्या साच्यात फेरफार करण्याचे, रुग्णालये संलग्न करण्याचे आणि दावे निकाली काढण्याचे काम मुंबईत वरळीला असलेल्या राज्य आरोग्य हमी सोसायटीचे आहे. म्हणजे आरोग्यमित्र जेव्हा 'हे ऑपरेशन इथे होणार नाही' असे सांगतो, तेव्हा त्याची तीन वेगवेगळी कारणे असू शकतात: तो उपचार यादीतच नाही, किंवा तो शासकीय रुग्णालयासाठी राखीव आहे, किंवा या रुग्णालयाची त्या विशेषज्ञ सेवेपुरती संलग्नता नाही. पहिल्या कारणावर इलाज फक्त वरळी आणि दिल्लीकडे आहे. दुसऱ्या कारणावर इलाज अगदी जवळ आहे: धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे किंवा जळगावच्या 'सिव्हिल'चे दार. तिसऱ्या कारणावर शेजारचे दुसरे रुग्णालय हा इलाज आहे. रुग्णाला या तिन्हींसाठी एकच शब्द ऐकायला मिळतो आणि तो आजार घेऊन घरी परततो. या सेवेतली ही सर्वांत वाईट गोष्ट आहे, आणि सर्वांत स्वस्तात सुधारण्याजोगीही हीच आहे. नकार देताना कारण आणि पुढचे ठिकाण लिहून द्यावे, एवढेच करायचे आहे.

राखीव उपचारांविरुद्ध खासगी रुग्णालयांकडून बरेच बोलले जाते, पण मी त्या तरतुदीच्या बाजूने आहे. अनावश्यक शस्त्रक्रियांना त्यामुळे आळा बसतो, आणि शासकीय रुग्णालयाने योजनेतून केलेल्या उपचाराचे पैसे त्या रुग्णालयाच्या सुधारणेला वापरता येतात. जळगावला २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्यानंतर नंदुरबारलाही झाले, त्यामुळे खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांत आता अशी महाविद्यालये आहेत. नव्या महाविद्यालयाला मान्यता द्यायची का, किती विद्यार्थी घ्यायचे आणि किती प्राध्यापक असल्याशिवाय घ्यायचे नाहीत, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोग ठरवतो. जुनी भारतीय वैद्यकीय परिषद बरखास्त होऊन २५ सप्टेंबर २०२० पासून हा आयोग काम करू लागला. इमारत राज्याची, मान्यता आयोगाची आणि रिकामी पदे भरण्याची जबाबदारी पुन्हा राज्याची, असा हा मामला आहे. 'सिव्हिलला हृदयाचा डॉक्टर का नाही' हा प्रश्न दिल्लीला विचारून उपयोग नाही, तो मुंबईला, वैद्यकीय शिक्षण विभागाला विचारायचा असतो.

पात्रतेबाबत योजना पूर्वीपेक्षा पुष्कळ उदार झाली आहे. केंद्राच्या योजनेची मूळ यादी २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात जनगणनेवरून बनली, आणि त्या यादीत नाव नाही म्हणून परत पाठवलेली खरोखरची गरीब कुटुंबे प्रत्येक गावात होती. राज्याच्या योजनेत पिवळी आणि केशरी शिधापत्रिका चालत असे. राज्य मंत्रिमंडळाने २८ जून २०२३ रोजी दोन्ही योजनांचे संरक्षण प्रतिकुटुंब प्रतिवर्ष ५ लाख रुपये करण्याचा आणि योजना राज्यातल्या सर्वांना खुली करण्याचा निर्णय घेतला, आणि १ जुलै २०२४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. पांढरी शिधापत्रिका असलेले शिक्षक, दुकानदारही त्यामुळे आत आले. केंद्राने २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे आणि त्यावरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजनेतले 'वय वंदना' कार्ड देणे सुरू केले. मूळ यादीतल्या कुटुंबांचा खर्च केंद्र आणि राज्य ६० आणि ४० टक्के असा उचलतात, तर राज्याने आपणहून जोडलेल्या कुटुंबांचा भार राज्याच्या तिजोरीवर आहे. खर्चाची ही वाटणी वाचायला कोरडी वाटते, पण पुढे नवापूरच्या बाबतीत सांगतो ती अडचण तिच्यातूनच जन्माला येते.

त्याआधी शिधापत्रिकेबद्दल थोडे, कारण माझ्या पाहण्यातले सर्वाधिक नकार आजारावरून नव्हे तर या एका कागदावरून होतात. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव सासरच्या पत्रिकेत चढवलेले नसते आणि माहेरच्या पत्रिकेतून ते कमी झालेले असते. तिच्यावर उपचाराची वेळ आली की संगणक तिला कोणत्याच कुटुंबात दाखवत नाही. आधारवर 'सुमनबाई' आणि पत्रिकेवर 'सुमन', एवढ्या फरकावरही काम अडते. पत्रिका जुनी असून तिचा १२ अंकी ऑनलाइन क्रमांक तयार नसेल, तर तिचा काही उपयोग होत नाही. या दुरुस्त्या आरोग्य विभागाचे कोणीही करू शकत नाही, त्या तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेतच होतात, आणि रुग्ण खाटेवर असताना तिथे धावपळ करण्याइतके क्लेशाचे दुसरे काही नाही. घरात सगळे धडधाकट असताना हे काम उरकून, गावातल्या आशाताईंकडून किंवा सेवा केंद्रातून कार्ड काढून घ्यावे. कापूस वेचणीचा हंगाम संपला की घरात चार दिवस मोकळे मिळतात, ते याच कामी लावावेत असे मी सर्वांना सांगतो.

आता नवापूर. सुरत-भुसावळ मार्गावरचे हे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, एकाच फलाटावरच्या बाकाच्या मधोमध दोन राज्यांची सीमा जाते. नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या भागातला माणूस मोठ्या आजारासाठी पिढ्यान् पिढ्या सुरतेला जात आला आहे. नातेवाईक तिकडे कामाला, गाडी थेट, बोलीही ओळखीची, त्यामुळे नाशिक किंवा मुंबई त्याला परकी वाटते. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या नियमानुसार केंद्राच्या योजनेतल्या कुटुंबाला देशातल्या कोणत्याही संलग्न रुग्णालयात उपचार घेता येतात, म्हणून असे कुटुंब सुरतेतही मोफत उपचार घेऊ शकते. पण राज्याने स्वतःच्या खर्चाने जोडलेल्या कुटुंबाला हा हक्क लागू नाही. त्याचे संरक्षण राज्याच्या सोसायटीने संलग्न केलेल्या रुग्णालयांपुरते आहे. दोघे शेजारी, दोघांच्या हातात सारखेच दिसणारे कार्ड, दोघांना तेच ५ लाखांचे आश्वासन. सुरतेच्या टेबलावर एकाला खाट मिळते आणि दुसऱ्याला बिल. कार्ड देताना हा फरक कोणी सांगत नाही, आणि पाड्यावरच्या माणसाने तो स्वतः ओळखावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. खर्च राज्याचा असल्यामुळे हा निर्णय मुंबईत होऊ शकतो. नंदुरबार जिल्ह्यापुरती सुरतेतली काही रुग्णालये राज्याच्या योजनेला जोडून घ्यावीत, ही मागणी जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींनी सोसायटीकडे आणि मंत्रिमंडळाकडे नेटाने लावून धरायला हवी. दरम्यान सुरतेला निघण्याआधी १४५५५ या राष्ट्रीय क्रमांकावर आपले कुटुंब केंद्राच्या यादीत आहे का, हे विचारून घ्यावे.

योजनेची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. हे कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि सुटी मिळाल्यानंतरचे १५ दिवस एवढा काळ केंद्राच्या नियमांत धरलेला आहे, पण मामांच्या रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या आयुष्यभर लागणार आहेत आणि त्यांचा खर्च कार्डातून होत नाही. तो भाग प्राथमिक आरोग्य केंद्राचा आहे, आणि तिथला निर्णयाचा मार्ग पूर्णपणे निराळा आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने हे राज्यांचे विषय आहेत. औषधे, वैद्यकीय शिक्षण आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरणाऱ्या साथी हे विषय समवर्ती सूचीत येतात. केंद्राचा हात पोहोचतो तो मुख्यतः पैशातून आणि मानकांतून. १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेले आणि आता राष्ट्रीय आरोग्य अभियान म्हणून ओळखले जाणारे अभियान हा त्या पैशाचा मोठा मार्ग आहे.

या अभियानातला पैसा वरून ठरून खाली येतो असे बहुतेकांना वाटते, पण नियमाप्रमाणे त्याची सुरुवात खालून व्हायला हवी. जिल्हा आपला कृती आराखडा बनवतो, राज्य त्यावरून कार्यक्रम अंमलबजावणी आराखडा तयार करून दिल्लीला पाठवते, तिथली राष्ट्रीय कार्यक्रम समन्वय समिती तो बाबवार तपासते आणि काय मंजूर, किती मंजूर, काय नामंजूर हे कार्यवृत्तात लिहून राज्याला कळवते. २०२२ पासून हे आराखडे दोन वर्षांसाठी केले जातात. म्हणजे आपल्या उपकेंद्राला प्रसूतीची खोली हवी असेल किंवा धडगावच्या एखाद्या केंद्राला सोनोग्राफीचे यंत्र हवे असेल, तर ती मागणी आराखडा बनण्याच्या सुमारास जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे लेखी पोहोचली पाहिजे. एकदा तो दिल्लीला गेला की पुढचा आराखडा येईपर्यंत थांबणे आले. गावपातळीवर यासाठीच ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे आणि आरोग्य केंद्रात रुग्ण कल्याण समिती आहे. सरपंच आणि आशाताई गावच्या समितीत बसतात. किती गावांत तिची बैठक कागदाबाहेर होते, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या ग्रामपंचायतीत विचारावा.

लोकसंख्येचे मापही वरूनच येते आणि त्यात आदिवासी भागाला सूट आहे: साध्या भागात ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर डोंगराळ आणि आदिवासी भागात २०,००० मागे एक, आणि उपकेंद्रांसाठी हेच माप ५,००० आणि ३,०००. सातपुड्यात मात्र माणसे दाटीने राहत नाहीत, पाडे डोंगरभर विखुरलेले आहेत, म्हणून लोकसंख्येचे माप पूर्ण झाले तरी केंद्र पायी अर्ध्या दिवसावर राहू शकते. अंतराचा विचार या मापात नीट उतरलेला नाही, असे माझे ठाम मत आहे. नंदुरबार २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आहे, आणि १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सुरू झालेले राष्ट्रीय सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) निर्मूलन अभियानही या जिल्ह्यासाठी महत्त्वाचे आहे. आदिवासी भागातल्या ० ते ४० वर्षे वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. तपासणीनंतर लागणाऱ्या गोळ्या उपकेंद्रापर्यंत नियमित पोहोचतात का, यावर त्याचे यश ठरेल, आणि ते काम राज्याचे आहे.

पैशाच्या बाबतीत २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्य खर्च २०२५ पर्यंत देशाच्या सकल उत्पादनाच्या (जीडीपी) २.५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते, आणि ते गाठले गेलेले नाही. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण परिषद, जिथे सर्व राज्यांचे आरोग्यमंत्री एकत्र बसतात, ती घटनेच्या २६३ व्या अनुच्छेदाखाली १९५२ पासून अस्तित्वात आहे. ती शिफारस करू शकते, राज्यांना बांधू शकत नाही. म्हणून एका राज्यात मिळणारी सोय सीमेपलीकडे मिळत नाही याचे आश्चर्य वाटू नये, पण दुःख जरूर वाटावे.

पुन्हा कार्डाकडे येतो. ज्यांना दाखल होऊन उपचार घ्यायचे आहेत, त्यांनी खासगी विमा असला तरी हे कार्ड काढून ठेवावे. रुग्णालयात गेल्यावर आरोग्यमित्राकडून उपचाराचे नाव आणि मंजूर रक्कम कागदावर लिहून घ्यावी, योजनेतल्या उपचारासाठी कोणी पैसे मागितले तर पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये आणि तिथूनच १५५३८८ वर फोन लावावा. तिथे समाधान झाले नाही तर जिल्हा तक्रार निवारण समितीकडे आणि त्यापुढे राज्य समितीकडे लेखी अर्ज करता येतो. डॉक्टरच्या वागणुकीबद्दल किंवा चुकीच्या उपचाराबद्दल तक्रार असेल तर ती योजनेच्या समितीकडे न देता महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे द्यावी, कारण डॉक्टरची नोंदणी तिच्या हातात आहे. संलग्न रुग्णालयांची यादी बदलत असते, त्यामुळे गेल्या वर्षी शेजाऱ्याचे ऑपरेशन जिथे झाले तिथे आज योजना चालू आहे का, हे गाडी ठरवण्याआधी फोनवर विचारून घ्यावे. राज्य आरोग्य हमी सोसायटीला माझी एक विनंती आहे. प्रत्येक टेबलामागच्या फलकावर आज योजनेचे नाव आणि मंत्र्यांची छायाचित्रे असतात. त्याच फलकावर या रुग्णालयात कोणत्या विशेषज्ञ सेवा संलग्न आहेत, कोणते उपचार शासकीय रुग्णालयासाठी राखीव आहेत आणि त्यासाठी जिल्ह्यात नेमके कुठे जायचे, हे मराठीत ठळक लिहावे, आणि नंदुरबार जिल्ह्यात त्याखाली सुरतेबाबतचा नियमही लिहावा.